खांबावरचा सेन्सर खरं बोलतोय कशावरून?

प्रश्न थोडक्यात असा होता: संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण चालू आहे, जोडलेली उपकरणं म्हणजे आयओटी आणि स्मार्ट सिटी या विषयात संशोधन करायचं मनात आहे. पण सेन्सर बाजारात मिळतात, क्लाउड भाड्याने मिळतो, अ‍ॅप तर दुसऱ्या वर्षाची पोरंही बनवतात. मग संगणकशास्त्रज्ञाने करण्यासारखं यात उरलंय काय? आणि जाता जाता एक छोटा प्रश्न: पायथॉन येतं, तेवढं पुरेल का?

पहिला प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. तो रास्त आहे, कारण प्रदर्शनात मांडलेला प्रकल्प आणि दहा वर्षं चालणारी यंत्रणा बाहेरून अगदी सारखीच दिसतात. फरक कुठे पडतो ते एका कचराकुंडीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शहराच्या प्रकल्पात आमचा गट होता. कुंड्यांच्या झाकणाला आतून अल्ट्रासाउंडचे सेन्सर लावलेले. सेन्सर खाली लहर सोडतो, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून कचऱ्याचा थर कुठवर आलाय ते काढतो. ८० टक्क्यांच्या वर गेलं की गाडी पाठवायची, एवढंच काम. त्यातली एक कुंडी डॅशबोर्डवर सलग तीन आठवडे ४० टक्के दाखवत होती. शेजारी हिरवा ठिपका. प्रत्यक्षात ती ओसंडून वाहत होती आणि आजूबाजूचे लोक तक्रारी करून थकले होते.

उघडून पाहिलं तर बॅटरीच्या जोडणीत पाणी शिरून सेन्सर दुसऱ्याच दिवशी बंद पडलेला. मग ४० हा आकडा कुठून येत होता? एमक्यूटीटी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी संदेश कसे पाठवायचे त्याची नियमावली आहे, अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बनवलेला. त्यात शेवटचा संदेश जपून ठेवायची सोय असते. नवा कुणी चौकशीला आला की ब्रोकर, म्हणजे संदेश घेऊन पुढे पोचवणारा मधला सर्व्हर, तो जपलेला संदेश त्याच्या हातावर ठेवतो. आमच्या संदेशात नुसता आकडा होता, तो कधी मोजला ती वेळ नव्हती. दर वेळी डॅशबोर्ड उघडला की तीन आठवड्यांपूर्वीचं शिळं ४० ताजं म्हणून वाढलं जात होतं.

गंमत अशी की याच प्रोटोकॉलमध्ये 'शेवटची इच्छा' नावाचीही सोय आहे. जोडणी अचानक तुटली तर 'हा गेला' असं ब्रोकरने सगळ्यांना सांगायचं, हे उपकरण आधीच लिहून ठेवतं. ती आम्ही लावलेली होती! पण ब्रोकरशी थेट बोलत होता तो रेडिओ नेटवर्कचा सर्व्हर, आणि सर्व्हर ठणठणीत होता. त्याच्यामागे शेकडो सेन्सर होते; त्यांतला कुणी मेला तरी मृत्युपत्र वाचायची वेळच येत नव्हती.

दुसऱ्या एका कुंडीची कथा उलटी. ती कायम भरलेली दिसायची, गाडी जाऊन बघायची तर जवळपास रिकामी. आत एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं अडकलेलं होतं. सेन्सरने अंतर बरोबर मोजलं होतं. 'अंतर कमी म्हणजे कुंडी भरली' हा अर्थ आमचा. अशा दोन-चार फेऱ्या फुकट गेल्यावर गाडीवाल्यांनी डॅशबोर्ड बघणं सोडून दिलं आणि पूर्वीसारखे ठरलेल्या वारी फिरू लागले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तर माझं उत्तर असं: उपकरण जोडणं आता सोपं झालंय. दूरवर एकट्या पडलेल्या, जेमतेम ताकदीच्या उपकरणाने पाठवलेल्या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा आणि तो भरवसा वर्षानुवर्षं टिकवायचा कसा, इथे घोडं पेंड खातं. या क्षेत्रातलं वाचण्यासारखं बहुतेक संशोधन याच प्रश्नाच्या एकेका तुकड्यावर आहे.

इतिहासात फार रमायला नको. 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव केविन अ‍ॅश्टन यांनी १९९९ मध्ये एका सादरीकरणाला दिलं. वस्तू नेटवर्कला जोडायची हौस त्याहून जुनी. कार्नेगी मेलन विद्यापीठातलं शीतपेयांचं यंत्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच नेटवर्कवर होतं, बाटल्या शिल्लक आहेत का आणि गार झाल्यात का हे खुर्चीतून न उठता कळावं म्हणून. मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये मांडलं की खरं मुरलेलं तंत्रज्ञान डोळ्यांआड जातं. तसं झालंही. डोळ्यांआड गेलेलं यंत्र बिघडलं तर कळणार कुणाला, हा भाग आमच्या वाट्याला आला.

आता विजेचा हिशेब. हा एकदा कागदावर स्वतः मांडा, कारण बाकी अर्ध्या अडचणी त्यातूनच निघतात. एके काळी प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी सीसी२४२० नावाची रेडिओ चिप घ्या. पूर्ण ताकदीने बोलताना ती १७.४ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना १८.८. पुन्हा वाचा. नुसतं कान देऊन बसायला बोलण्यापेक्षा जास्त वीज लागते, कुणी काही बोलत नसलं तरी. पेन्सिल सेलच्या आकाराची २.४ अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी लावली आणि रेडिओ सतत ऐकत ठेवला, तर ती साधारण १२८ तास पुरेल. म्हणजे सव्वापाच दिवस. पाच हजार खांबांवर दर पाच दिवसांनी शिडी लावून बॅटऱ्या बदलायला कोण जाणार?

म्हणून उपकरणाला झोपवायचं. झोपेतली गरज ५ मायक्रोअँपिअर धरली आणि रेडिओ फक्त १ टक्का वेळ चालू ठेवला, तर बॅटरी सुमारे सतरा महिने जाते. ०.१ टक्का वेळ ठेवला तर कागदावर अकरा वर्षं. प्रत्यक्षात कमीच, कारण बॅटरी वापराविनाही हळूहळू झिजते आणि थंडीत तिची क्षमता घटते. पण ०.१ टक्का म्हणजे किती, तर चोवीस तासांत जेमतेम दीड मिनिट जागं राहणं. दोन शेजारी उपकरणं दिवसातून दीड-दीड मिनिट डोळे उघडणार, तेही तुकड्यातुकड्यांनी. त्यांची गाठ पडणार कशी?

यावर दोन घराण्यांत विचार झाला. एक म्हणतं, ज्याला बोलायचंय त्याने समोरचा उठेपर्यंत दार ठोठावत राहावं. २००४ चं बी-मॅक, २००६ चं एक्स-मॅक, २०११ चं कॉन्टिकीमॅक हे प्रोटोकॉल म्हणजे त्या वाटेवरची पावलं. प्रत्येक पावलात ठोठावण्याची वीज आणखी कशी वाचेल एवढंच पाहिलंय. दुसरं घराणं म्हणतं, भेटीची वेळ आधीच ठरवा आणि दर भेटीला वाहिनी बदला. ही पद्धत २०१२ मध्ये ८०२.१५.४ई या मानकात आली. वेळ ठरवायची म्हटलं की घड्याळं आली. सेन्सरमधल्या स्वस्त स्फटिकाचं घड्याळ दर सेकंदाला २० मायक्रोसेकंद इकडे-तिकडे जाऊ शकतं. दिवसाला ते पावणेदोन सेकंद होतात, आणि दोन घड्याळं विरुद्ध दिशांना सरकली तर साडेतीन. शिवाय हे सरकणं तापमानावर ठरतं. एक खांब उन्हात आणि एक सावलीत असेल तर दुपारभर त्यांची घड्याळं एकमेकांपासून लांब जातात. हे माझ्या एका विद्यार्थ्याला सव्वा महिना छळत होतं. त्याचा प्रोग्राम रात्री बिनचूक चालायचा आणि दुपारी पाकिटं, म्हणजे माहितीचे पाठवलेले तुकडे, गळायची.

पाकिटांचं निघालंच आहे तर तेही जवळून बघू. ८०२.१५.४ या रेडिओ मानकात एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १२७ बाइट मावतात. इंटरनेटवर पाकिटं पोचवण्याची नियमावली असलेलं आयपीव्ही६ मात्र म्हणतं की खालच्या जाळ्याने निदान १२८० बाइटचं पाकीट तरी उचलायलाच हवं. दहापट फरक आहे. १२७ मधून रेडिओच्या स्वतःच्या मथळ्याचे (पाकिटावर लिहायच्या पत्त्यासारख्या माहितीचे) २५ वजा केले तर १०२ राहिले. कूटबद्धतेचे २१ गेले, ८१ राहिले. आयपीव्ही६ चा मथळा ४० बाइटचा, म्हणजे उरले ४१. त्यातून यूडीपी या त्यावरच्या थराच्या मथळ्याचे ८ वजा केले की हातात ३३ बाइट. अख्खी गाडी सामानाच्या पेट्यांनीच भरली, सामानाला जागा नाही. २००७ मध्ये आलेलं ६लोपॅन आणि २०११ मधली त्याची सुधारणा याच अडचणीवरचा तोडगा आहे. दोघांनाही आधीच माहीत असलेल्या गोष्टी पाठवायच्याच नाहीत, या तत्त्वावर ४० बाइटचा मथळा अनुकूल परिस्थितीत २ बाइटवर येतो. त्यावर चालणाऱ्या कोअ‍ॅप प्रोटोकॉलचा मथळा ४ बाइटचा. हे सगळं ज्या यंत्रात बसवायचं त्याची कार्यस्मृती १० किलोबाइटच्या घरात. तुमच्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही.

लांब पल्ल्याचे रेडिओ घेतले तर ही कसरत संपते असं वाटतं. लोरा या रेडिओवर चालणाऱ्या लोरावॅन जाळ्यात काही किलोमीटर अंतर एका उडीत पार होतं खरं, पण सर्वात संथ वेगाला सेकंदाला सुमारे २५० बिट जातात आणि युरोपातल्या बऱ्याच उपपट्ट्यांत एका उपकरणाला १ टक्क्याहून जास्त वेळ हवेत बोलायची परवानगी नाही. त्यात बोलण्याची शिस्त म्हणाल तर १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या अलोहा जाळ्यात होती तीच: मनात आलं की बोला. असं मोकाट बोलणाऱ्या वाहिनीचा उपयोग गणिताने १८.४ टक्क्यांच्या वर जात नाही. लोरामध्ये जोरदार सिग्नल दुबळ्यावर मात करतो, त्यामुळे प्रत्यक्षात परिस्थिती थोडी बरी असते. पण माझा आक्षेप वेगळा आहे. हे गणित असं धरून चालतं की प्रत्येक जण स्वतःच्या मनाने, केव्हाही बोलतो. शहरात तसं नसतं. मुसळधार पाऊस आला की गटारांतले सगळे पातळीमापक एकाच दहा मिनिटांत 'पाणी वाढलं, पाणी वाढलं' ओरडायला लागतात. वर्षभर गप्प असलेलं जाळं ज्या तासासाठी उभं केलं, नेमकं त्याच तासाला कोसळतं. सरासरीवर बेतलेले निकाल घेऊन येणाऱ्या शोधनिबंधांना मी हाच प्रश्न पहिला विचारतो.

आता फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत बसवलेला प्रोग्राम. उपकरण दहा वर्षं राहणार, मग त्यातला प्रोग्राम बदलावा लागणारच. १०० किलोबाइटचा प्रोग्राम २५० बिटांच्या वेगाने पाठवायला सुमारे ५३ मिनिटं लागतात, आणि १ टक्क्याची मर्यादा लावली की तेच पावणेचार दिवस होतात. मध्येच वीज गेली तर? अर्धा नवा, अर्धा जुना प्रोग्राम घेऊन उपकरण उठलं तर? म्हणून दोन कप्पे ठेवायचे, नवा प्रोग्राम दुसऱ्या कप्प्यात उतरवायचा, त्याची डिजिटल सही तपासायची, तो सुरू होऊन 'मी ठीक आहे' म्हणाला तरच पहिला सोडायचा. ऐकायला साधं आहे. पण या क्षेत्रात ज्याची गोष्ट सगळे सांगतात तो नेदरलँड्समधला बटाट्याच्या शेताचा प्रयोग बघा. डेल्फ्टच्या कून लांगेनडून यांच्या गटाने शेतात सुमारे शंभर सेन्सर बसवायचा घाट घातला होता. दुरून प्रोग्राम बदलण्याची सोय चुकीच्या वेळी जागी झाली, उपकरणं एकमेकांना प्रोग्राम वाटत बसली आणि त्यातच बॅटऱ्या संपल्या. हंगामाच्या शेवटी हाती आली अपेक्षित माहितीच्या २ टक्के. २००६ मध्ये त्यांनी हे फजितीचं पुराण नाव-गावासकट प्रसिद्ध केलं. माझ्या लेखी ते या विषयातल्या सर्वात उपयोगी शोधनिबंधांपैकी एक आहे. यशाच्या कथा वाचून एवढं शिकायला मिळत नाही.

सेन्सर जिवंत आहे, पाकीट पोचलं, तरीही आकडा खरा असेलच असं नाही. हवेतले सूक्ष्म कण मोजणारे स्वस्त सेन्सर प्रकाशाचा झोत टाकतात आणि तो किती विखुरला त्यावरून कणांचा अंदाज बांधतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश जास्त विखुरतो आणि प्रदूषण वाढल्याचं दिसतं. धुकं पडलं की आकडा चढतो. नायट्रोजन डायऑक्साइड मोजणाऱ्या रासायनिक सेन्सरला ओझोनही तोच वाटतो. आणि सगळेच सेन्सर हळूहळू वाकडे होत जातात: आज दाखवलेला ५० आणि दोन वर्षांनी दाखवलेला ५० एकच नव्हे. शुद्ध उपाय म्हणजे प्रत्येकाला काढून आणून महागड्या अधिकृत यंत्राशेजारी ठेवणं आणि ताळा करणं. पाचांसाठी हे जमतं, पाच हजारांसाठी नाही.

मग प्रश्न असा होतो: कुणीच पूर्ण खरं बोलत नसताना, जागेवरून न हलवता, सेन्सरांच्या आपापसातल्या जबान्या पडताळून सत्याच्या जवळ कसं जायचं? शिकाऊ माणूस इथे लगेच मशीन लर्निंग काढतो. काढायला हरकत नाही, पण एक सापळा आहे. एखाद्या सेन्सरचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा वेगळा आला की तो चुकीचा ठरवून टाकला, तर ज्या कोपऱ्यावर खरोखर कुणीतरी प्लास्टिक जाळतंय तो कोपरा तुम्ही पुसून टाकता. बिघाड आणि बातमी दिसायला सारखीच असतात. हे दोन वेगळे काढायला भौतिकशास्त्र लागतं: वारा कुठून आहे, दमटपणा किती, ओझोन त्याच वेळी वाढला का. माझ्या गटातल्या दोन प्रबंधांचा सगळा काळ यातच गेला आणि प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही.

सेन्सर मेल्यावर काय करायचं याचं मला आवडणारं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. तिथे २०११ मध्ये एसएफपार्क प्रकल्पात रस्त्याच्या कडेच्या हजारो पार्किंग जागांत जमिनीत सेन्सर पुरले. जागांची मागणी बघून दर कमी-जास्त करायचे, अशी कल्पना. २०१३ च्या अखेरीस सेन्सरांचं आयुष्य सरलं आणि ते बंद केले. प्रकल्प मात्र बंद पडला नाही. मधल्या काळात सेन्सरचे आकडे आणि मीटरमध्ये जमा होणारे पैसे या दोन्हींची नोंद होती; त्यांचं नातं काढून त्यांनी पुढे नुसत्या मीटरच्या पैशांवरून जागा किती भरल्या याचा अंदाज बांधला. म्हणजे सेन्सर ही घर बांधताना लावलेली परांची होती, घर उभं राहिल्यावर ती काढली. प्रत्येक प्रकल्पात मी हे विचारतो: हा सेन्सर कायम लागणार आहे का? की दोन वर्षं नीट मोजून, आधीच हाताशी असलेल्या एखाद्या नोंदीवरून तेच काढता येईल?

सुरक्षेबद्दल सगळे बोलतात, म्हणून त्यातलं थोडंच. २०१६ मधल्या मिराई या घातक प्रोग्रामने फारसं डोकं लावलं नव्हतं. कारखान्यातून येतात तशा साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरांवर वापरून बघायच्या, उघडला की आत शिरायचं. त्याच्या ऐन भरात सहा लाखांच्या आसपास उपकरणं ताब्यात गेली होती, आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) कंपनीवर झालेल्या हल्ल्यात मोठमोठी संकेतस्थळं तासन्‌तास बंद पडली. डॅलस शहरात एप्रिल २०१७ मध्ये एका मध्यरात्री आपत्तीचे १५६ भोंगे एकाच वेळी वाजायला लागले. कुणीतरी रेडिओवरून त्यांना हुकूम दिला होता.

मला शिकवताना जास्त उपयोगी पडतो तो मिशिगन विद्यापीठाचा २०१४ चा अभ्यास. रस्ते खात्याची रीतसर परवानगी घेऊन तिथल्या संशोधकांनी जवळपास शंभर सिग्नलांचं जाळं तपासलं. रेडिओवरचं बोलणं उघडं, पासवर्ड कारखान्यातलेच, आणि नियंत्रकात चाचणीसाठी ठेवलेला दरवाजा तसाच सताड. आत शिरल्यावर दिवे हवे तसे बदलता येत होते. एक गोष्ट मात्र जमली नाही. आडव्या आणि उभ्या रस्त्याला एकाच वेळी हिरवा देता आला नाही, कारण पेटीत एक वेगळा, नेटवर्कशी संबंध नसलेला हार्डवेअरचा पहारेकरी असतो. परस्परविरोधी दिवे दिसले की तो सगळं काढून घेतो आणि लाल दिवे लुकलुकत ठेवतो. तो बसवणाऱ्या अभियंत्यांच्या डोक्यात हल्लेखोर नव्हतेच, त्यांना तारांचा घोळ टाळायचा होता. पण नेटवर्क पूर्ण हातातून गेलं तरी लोकांचा जीव जाणार नाही, ही रचना त्यांनी आपसूक करून ठेवली. तुम्ही काही बनवाल तेव्हा असा मुका पहारेकरी कुठे बसवता येईल ते आधी शोधा, कूटबद्धतेचं नंतर बघू.

खासगीपणाच्या बाबतीत एक आकडा लक्षात ठेवा. १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदींवरचा २०१३ चा अभ्यास सांगतो की ठिकाण आणि वेळ मिळून फक्त चार बिंदू माहीत असले तर ९५ टक्के माणसं गर्दीतून एकटी ओळखता येतात. नाव काढलं, नंबर काढला, एवढ्याने काही होत नाही; सकाळी निघण्याची आणि संध्याकाळी परतण्याची जागाच माणसाची सही असते. म्हणून माझा कल उपकरणातच हिशेब करून कच्चा माल तिथेच टाकून देण्याकडे आहे. शिकागोच्या अ‍ॅरे ऑफ थिंग्ज प्रकल्पात कॅमेऱ्याचं चित्र खांबावरच्या यंत्रातच तपासून किती गाड्या, किती पादचारी एवढेच आकडे पाठवायचे आणि चित्र पुसायचं, असं धोरण होतं. टोरांटोच्या किनाऱ्यावर साइडवॉक लॅब्ज या कंपनीने आखलेल्या स्मार्ट वस्तीच्या प्रकल्पात २०१८ मध्ये सल्लागार अ‍ॅन कव्हूकियन यांनी याच मुद्द्यावर राजीनामा दिला: माहिती उगमापाशीच अनामिक झाली पाहिजे, हे बंधन सगळ्या सहभागी संस्थांवर घालायला कुणी तयार नव्हतं. तो प्रकल्प मे २०२० मध्ये गुंडाळला. कंपनीने कारण आर्थिक अनिश्चिततेचं दिलं. 'उगमापाशीच' या एका शब्दात तांत्रिक आव्हान किती आहे ते वरचा विजेचा हिशेब आठवला की कळेल. चित्रातून माणूस ओळखणारं न्यूरल नेटवर्क आणि छोटी बॅटरी यांचं अजून फारसं पटत नाही. जिथे पटतं, तिथे चांगले प्रबंध निघतायत.

आता विषय कुठला घ्यावा. पार्किंगचं आणखी एक अ‍ॅप नको, आणि कचराकुंडीला ब्लॉकचेन तर अजिबात नको; मी परीक्षक म्हणून असे इतके वाचलेत की शीर्षकावरूनच हात जोडतो. त्याऐवजी एखादा अरुंद, पण खोल प्रश्न घ्या. उपकरण गप्प आहे म्हणजे मेलंय, झोपलंय, की सांगण्यासारखं काही नाही म्हणून शांत आहे, हे कमीत कमी संदेशांत कसं ओळखायचं? प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या खात्रीचा आकडा कसा पाठवायचा, तेही उरलेल्या ३३ बाइटांत? दहा वर्षांनी बनवणारी कंपनीच नसेल तेव्हा त्या उपकरणाच्या कूटबद्धतेच्या किल्ल्या कुणाकडे असतील? या शेवटच्यावर काम करणारे फार थोडे आहेत.

आणि सिम्युलेटरवर विसंबू नका. मी सिम्युलेटरच्या विरोधात नाही. कॉन्टिकी या छोट्या उपकरणांच्या कार्यप्रणालीबरोबर येणारा कूजा हा सिम्युलेटर आम्ही रोज वापरतो, चुका शोधायला तो उत्तम. पण त्यात बहुतेक जण रेडिओची पोच म्हणजे एक सुबक वर्तुळ धरतात. खऱ्या जगात अ चं ब ला ऐकू येतं आणि ब चं अ ला येत नाही, असं सर्रास होतं. मध्ये एक ट्रक उभा राहिला की दिवसभराचे दुवे बदलतात. नुसत्या सिम्युलेशनवर शहराबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. फ्रान्समध्ये एफआयटी आयओटी-लॅब, झुरिकमध्ये फ्लॉकलॅब अशा खऱ्या उपकरणांच्या सामायिक प्रयोगशाळा संशोधकांसाठी उभारल्या गेल्या, त्यांच्यावरचं लिखाण आधी वाचा. आणि अगदी काहीच नाही तर पाच उपकरणं घ्या, बाहेर उन्हापावसात ठेवा, तीन महिने हात लावू नका आणि रोज वही भरा. कोण कधी गप्प झालं आणि का, एवढं जरी प्रामाणिकपणे लिहिलं तरी पहिला शोधनिबंध त्यातून निघू शकतो.

राहिलं पायथॉन. नोंदींचं विश्लेषण करायला, आलेख काढायला, सर्व्हर लिहायला ते पुरतं आणि तिथे तेच वापरा. उपकरणाच्या आत मात्र सी ही भाषा लागेल. रस्ट ही नवी भाषा शिकलात तर उत्तम, पण जुना सगळा कोड सीमध्येच आहे. त्याहून आधी एक मल्टिमीटर आणि एक छोटा रोधक घ्या, आणि तुमचं उपकरण झोपेत खरोखर किती वीज घेतंय ते मोजा. माहितीपत्रकात ५ मायक्रोअँपिअर लिहिलेलं असेल आणि तुम्हाला दिसतील ४००, कारण कुठलीतरी एक पिन तुम्ही अधांतरी सोडली असेल. वरच्या हिशेबातली अकरा वर्षांची बॅटरी मग आठ महिन्यांत संपते. ती पिन शोधण्यात तुमचा पहिला महिना जाईल.